सुई ओवायची जागा

मुखेडहून साडेनऊची एसटी अकराला निघाली,
तांड्यावर उतरलो तेव्हा पावणेबारा.
फोटो काढायला याहून वाईट वेळ नाही
हे मला ठाऊक होतं,
एसटीला नव्हतं.

चैत्राचं ऊन.
त्याला तिरकं बोलता येत नाही,
थेट टाळूवर उभं राहून बोलतं,
डोळ्यांच्या जागी दोन खड्डे पाडतं,
नाकाखाली बायांनाही मिशी काढतं.

वसराम म्हणाला, सर, बोरपाशी बसवू का,
तिथं जरा हिरवं आहे.
चाकणला कंपनीत असतो तो.
आजीचा एक फोटो नाही घरात
आधारवरचा सोडून,
अन् त्यात ती वाहत्या पाण्यात बघितल्यासारखी.

सक्रीबाई बाहेर आली.
फेटिया, कांचळी, कानांशी घुगऱ्या,
अंगभर आरसे.
उन्हात पाऊल टाकलं अन्
शंभर सूर्य एकदम माझ्या काचेत शिरले.

पहिले अकरा फोटो वाया.
मागं नांगरून पडलेली काळी,
सगळा उजेड पिऊन ढेकर न देणारी.
कॅमेरा तिला बघून घाबरतो,
म्हणतो, लई अंधार आहे,
अन् उजेड वाढवत नेतो
म्हातारीचं कपाळ जळून पांढरं होईस्तोवर.
दोन टप्पे खाली उतरवला,
तर कपाळ आलं,
डोळे गेले.

मोईनचाचा असते तर हसले असते.
त्यांचा स्टुडिओ म्हणजे
गल्लीतली चुना मारलेली भिंत
अन् तिच्यासमोर एक लोखंडी खुर्ची.
सूरज कू नक्को देखो मियाँ,
दीवार कू देखो.

इथं भिंत सारवलेली, तपकिरी.
पांढरं काय ते एक खताचं पोतं.
ते उसवून वसरामच्या हातात दिलं,
खाली धर, हनुवटीकडं उजेड फेक.
आजी पोत्याकडं अशी बघत राहिली
जणू तिलाच त्यात भरून नेणार आहोत.

काय हुडकतोस रे एवढं?
उजेड.
एवढा सांडलाय की.
असा नको, आजी. मऊ पाहिजे.
डोळ्यांत जाणारा,
पण डोळे मिटायला न लावणारा.

ती उठली, घरात गेली.
मला वाटलं, कंटाळली.
उंबऱ्याच्या आत दीड हातावर
भुई गुळगुळीत झाली होती बसून बसून,
तिथं टेकली, तोंड दाराकडं.
हितं सुई ओवते मी, म्हणाली.
हितं दोरा दिसतो.

अंगणातल्या पिवळ्या मातीवर आपटून
ऊन आत येत होतं,
उंबरा ओलांडेपर्यंत त्याचा राग गेलेला.
सुरकुतीत शिरत होतं, भोक पाडत नव्हतं.
मागं घरातला अंधार,
एखाद्या जुन्या घोंगडीसारखा.
अन् आरसे गप्प झाले होते,
प्रत्येकात एक इवलं उघडं दार,
प्रत्येक दारात एक काळा ठिपका.

सरक की बाजूला, ती म्हणाली,
उजेड आडवलास.

मी सरकलो.
तिनं दोरा जिभेवर ओला केला,
सुई दाराकडं धरली,
अन् तिला कॅमेऱ्याचा विसर पडला.
एकच काढला.

परतीच्या एसटीला वेळ होता.
साडेपाचला कडब्याच्या गंजी पेटल्यासारख्या झाल्या,
सर, आता बघा काय भारी, वसराम म्हणाला.
त्याचं मन मोडू नये म्हणून दोन काढले.
ठेवले नाहीत.

तेव्हापासून बॅटऱ्यांच्या डबीत
सुई-दोरा असतो माझ्या.
नव्या गावात गेलो की आधी ओवून बघतो,
ओसरीत, लिंबाखाली, देवळाच्या मागल्या पायरीवर.
नवरदेवाकडचे लोक हसतात,
म्हणतात, फोटोवाला आणलाय का शिंपी?
मी एक डोळा मिटून
दोरा शोधत असतो.